दहावीनंतर एक वर्ष परदेशी शाळेत: कोल्हापुरातल्या आईबापांचे आणि पोरांचे नेहमीचे प्रश्न

लग्नात, रंकाळ्यावर फिरताना, नाहीतर थेट रात्री साडेदहाला फोन करून लोक मला तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. एक्सचेंजला जाणाऱ्या पोरांच्या तयारीत मी मदत करतो, पैसे घेत नाही आणि कुणाचा एजंटही नाही, त्यामुळं जे वाटतं ते सरळ लिहिलंय. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत, तिरके आहेत ते पण.

एक्सचेंज म्हणजे नक्की काय? परदेशात शिकायला जाणं आणि हे एकच ना?

नाही. शिकायला जातो तो डिग्रीसाठी जातो, होस्टेलवर नाहीतर रूम घेऊन राहतो. इथं पोरगं १५ ते १८ वयाचं असतं, तिकडच्या साध्या हायस्कूलात बसतं आणि तिकडच्या एका कुटुंबात घरचं माणूस म्हणून राहतं, पाहुणा म्हणून नाही. म्हणजे भांडी घासायची पाळी आली तर घासायची. साधारण दहा-अकरा महिने, काही प्रोग्राम सहा महिन्यांचे, काही नुसते सुट्टीतले. सुट्टीतले दोन-चार आठवड्यांचे छान असतात पण ती सहलच असते हो, त्यातनं पोरगं बदलून येईल अशी आशा ठेवू नका.

कोण नेतं? आपल्या कोल्हापुरातनं कुणाकडं जायचं?

जुनी आणि माहितीतली नावं दोन. एक एएफएस, हे मुळात पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना ॲम्ब्युलन्समधनं नेणारे अमेरिकन स्वयंसेवक होते, दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांनीच ठरवलं की आता शाळेची पोरं एकमेकांच्या देशात पाठवायची, आणि १९४७ च्या सुमारास ते सुरू झालं. भारतात त्यांची शाखा आहे. दुसरं रोटरी यूथ एक्सचेंज. कोल्हापूर रोटरीच्या डिस्ट्रिक्ट ३१७० मध्ये येतं, बेळगाव-गोवा पण त्यातच. आईबाप रोटरीचे मेंबर नसले तरी चालतं, हे लोकांना माहीतच नसतं. पण त्या वर्षी लाँग टर्मच्या म्हणजे वर्षभराच्या जागा आहेत का, कुठल्या देशांच्या आहेत, हे आपल्या भागातल्या रोटरी क्लबला जाऊन विचारायचं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टवर जाऊ नका.

अमेरिकन सरकारची केनेडी-लुगार यस नावाची पूर्ण स्कॉलरशिप आहे, २००२ मध्ये सुरू झालेली, भारतातली पोरं पण त्यातनं गेलीत. पण तिच्या जागा अमेरिकन सरकारच्या बजेटवर असतात, त्यामुळं ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीचं बघायचं.

आणि "शंभर टक्के व्हिसा, शंभर टक्के ॲडमिशन" म्हणणारा कुणी भेटला तर चहा पिऊन उठून यायचं.

वय किती लागतं?

रोटरीचं १५ ते १९ च्या मध्ये, नेमकी रेघ प्रत्येक देश स्वतः ओढतो. अमेरिकेला जे-१ म्हणजे एक्सचेंजच्या व्हिसावर जाणारा शाळकरी मुलगा प्रोग्राम सुरू होताना १५ पूर्ण आणि साडेअठराच्या आत असावा, आणि आधी कधी तिकडच्या शाळेत असा एक्सचेंजवर नाहीतर एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकलेला नसावा. दहावी झालेलं आपलं पोरगं यात बरोबर बसतं. बारावीनंतर बघू म्हणाल तर बस चुकलीच समजा.

वर्ष वाया जातं का? नीट-जेईईचं काय?

हा प्रश्न कोल्हापुरात पहिला येतो, नंतर सेफ्टी, नंतर जेवण.

सरळ सांगतो. दहावीनंतर गेला तर बरोबरची पोरं अकरावीत जातात आणि हा एक वर्ष मागं राहतो, बहुतेक वेळा असंच होतं. तिकडचं वर्ष अकरावी म्हणून धरायचं की नाही हे इथलं कॉलेज आणि बोर्ड ठरवतं, त्यामुळं जायच्या आधी प्रिन्सिपॉलना भेटून लेखी घ्या, तोंडी "बघू हो, करू काहीतरी" यावर जाऊ नका, कारण वर्षभरानं खुर्चीवर दुसरंच कुणी असतं. तिकडच्या शाळेकडनं मार्कांचा उतारा म्हणजे ट्रान्सक्रिप्ट सही-शिक्क्यासह घेऊन या. अमेरिकेत एक्सचेंजच्या पोराला डिप्लोमा म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट मिळेलच असं कुणी सांगत नाही, शाळेच्या मर्जीवर असतं. आल्यावर कॉलेज गॅपचं ॲफिडेव्हिट मागतं, ते नोटरीकडं होतं, त्याचं टेन्शन नको.

नीटवाला असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ज्याचं डॉक्टरच व्हायचं पक्कं आहे आणि जो आठवीपासून फाउंडेशनच्या क्लासला आहे त्याला मधनं उचलून पाठवू नका, त्याचं तिकडं लक्ष लागत नाही, दप्तरात फिजिक्सचं पुस्तक घेऊन जातो आणि दोन्हीकडचं अर्धं अर्धं होतं. पण ज्याला अजून काय करायचं तेच माहीत नाही, आणि सोळाव्या वर्षी खरं तर कुणालाच माहीत नसतं, त्याचं एक वर्ष "वाया" गेलं म्हणून काय बिघडतंय? पुढं इंजिनिअरिंगला एक केटी लागून वर्ष गेलं तर आपण गप्प बसतोच की.

पर्सनल ग्रोथ, पर्सनल ग्रोथ म्हणतात, म्हणजे होतं काय नक्की?

ब्रोशरमध्ये लीडरशिप, कॉन्फिडन्स, ग्लोबल सिटिझन वगैरे असतं. प्रत्यक्षात मला दिसतं ते फार साधं असतं.

आपलं पोरगं पंधरा वर्षं अशा घरात वाढलेलं असतं जिथं सगळ्यांना ते कोण आहे हे आधीच माहीत आहे. अमक्याचा नातू, तमक्या शाळेचा हुशार, जरा चिडका पण मनानं चांगला. पेठेत तर कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही माहीत असतं. तिकडं हे काहीच नसतं. वर्गात पहिला येणारा मुलगा तिकडं पहिले दोन महिने नुसता मान डोलवत बसतो कारण शिक्षक काय बोलतायत ते त्याला कळत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा "ढ" असणं काय असतं ते कळतं. यातनं जी पोरं जातात ती नंतर कुणाला ढ म्हणत नाहीत. मला हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो, मार्कांच्या बाबतीत आपण घरात जे वेड लावून ठेवलंय ते बघता.

दुसरं, मागायला शिकतात. आपल्याकडं आईला न सांगताच कळतं की याला भूक लागलीय, याचं काहीतरी बिनसलंय. तिकडच्या आईला नाही कळत, तिला सांगावं लागतं. एक पोरगी थंडीत महिनाभर एका पांघरुणात कुडकुडत झोपली, दुसरं मागायचं कसं म्हणून, आणि मागितल्यावर घरातली बाई उलट रागावली की आधी का नाही बोललीस, कपाटात चार पडलीत. पोरांसाठी तर घरकाम हाच मोठा धडा असतो, स्वतःचा चहाचा कप न विसळलेला मुलगा आठवड्याचे कपडे मशीनला लावतो, घड्या घालतो आणि वर कचरा वेगळा करून ठेवतो.

तिसरं, जर्मनीसारख्या देशात वर्गात तोंड उघडून बोलण्याचे पण मार्क असतात, आणि ते बऱ्यापैकी जड असतात. आपली पोरं विचारल्याशिवाय बोलत नाहीत, ती शिस्त समजतो आपण. तिकडं गप्प बसणाऱ्याला इंटरेस्ट नाही असं समजतात. जपानमध्ये वर्ग आणि व्हरांडे पोरं स्वतः झाडतात-पुसतात, शिपाईमामा नाहीत. अमेरिकेत बास्केटबॉलच्या टीममध्ये यायचं तर ट्रायआउट देऊन रिजेक्ट व्हायची तयारी पाहिजे, वशिला नाही.

जर्मनीतनं बाहेर एक्सचेंजवर गेलेल्या हायस्कूलच्या पोरांवर २०१५ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात गेलेल्या पोरांची आणि घरीच राहिलेल्यांची तुलना होती. गेलेल्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास जास्त वाढलेला दिसला, आणि तिकडच्या लोकांनी आपल्याला आपलं मानलं असं ज्यांना वाटलं त्यांना त्याचा जास्त फायदा झाला. म्हणजे विमानात बसून काही होत नाही, तिकडच्या माणसांत मिसळलं तर होतं.

आपल्याकडं असं लेकरू लांब पाठवायची पद्धत नाही हो.

कोण म्हणतं? कोल्हापूर या बाबतीत महाराष्ट्राच्या पुढं होतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि नंतर एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली, खेड्यातली पोरं घर सोडून इथं येऊन राहिली म्हणून शिकली. स्वतः महाराज पोरवयात राजकोटला आणि मग धारवाडला शिकायला होते. आणि तालमी बघा की, आजही गंगावेशच्या तालमीत बारा-चौदा वर्षांची पोरं गावाकडनं येऊन राहतात, स्वतःचं स्वतः करून खातात, वस्तादाचं ऐकतात. तिथं कुणी म्हणत नाही लेकरू लहान आहे म्हणून.

पोरगं लई लाजाळू आहे. झेपेल का?

लाजाळू पोरं जास्त चांगली टिकतात असं मी बघितलंय, कारण ती आधी ऐकतात, बघतात आणि मग बोलतात. अडचण होते ती स्टेजवर भाषण ठोकणाऱ्या, सगळीकडं पुढंपुढं करणाऱ्या पोरांची, कारण टाळ्या बंद झाल्या की त्यांना सुचत नाही काय करायचं. लाजाळू असणं आणि हट्टानं कुणाशी बोलायचंच नाही हे वेगळं, तेवढं तपासा.

इंग्लिश कच्चं आहे, मराठी मीडियमचा आहे.

मराठी मीडियमवाल्यांनी घाबरू नये. इटली, जर्मनी, जपान, ब्राझील इथं तसंही इंग्लिश फार कामाचं नाही, तिथं सगळेच शून्यातनं सुरू करतात आणि इंग्लिश मीडियमचा पोरगा इंग्लिशवर भागवत बसतो म्हणून उलट मागं पडतो. अमेरिकेला मात्र इंग्लिशची परीक्षा घेतात, तिथं तयारी लागते.

जेवायचं काय?

इथं जरा स्पष्ट बोलू. शाकाहारी असाल तर फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहा, शाकाहारी पोराला ठेवणारी घरं मिळतात पण शोधायला वेळ लागतो. बीफ खात नाही हे पण लिहा, नुसतं नॉनव्हेज चालतं असं लिहून मोकळे झालात तर पहिल्याच आठवड्यात ताटात येईल आणि पोरगं बिचारं लाजेनं उठणार पण नाही.

बाकी तांबडा-पांढरा रस्सा वर्षभर विसरायचा. जर्मनीत कितीतरी घरात रात्रीचं जेवण म्हणजे ब्रेड, चीज, काकडी, संपलं. फिनलंडमध्ये शाळेत दुपारचं गरम जेवण फुकट असतं, १९४० च्या दशकापासून. कांदा-लसूण मसाल्याची एक बरणी द्या, पाच नको. आणि एखाद्या रविवारी पोरानं त्या घरात सगळ्यांसाठी मिसळ करावी, त्यासाठी जायच्या आधी घरी चारदा करून बघायला लावा. फोनवर आईला विचारत केलेली मिसळ चालत नाही असं नाही, पण पहाटे तीनला तुमचा फोन वाजणार.

मुलीला पाठवायचं म्हणजे...

वाक्य कुणी पूर्ण करत नाही, पण समजतं. अमेरिकेच्या प्रोग्राममध्ये घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची गुन्ह्यांची नोंद तपासावी लागते, घर आधी जाऊन बघावं लागतं, आणि लोकल कोऑर्डिनेटरनं, म्हणजे संस्थेच्या तिथल्या माणसानं, दर महिन्याला मुलाशी बोललंच पाहिजे असा नियम आहे. तिकडं घराला यासाठी पगार मिळत नाही, हौसेनं ठेवतात. रोटरीत बहुतेक ठिकाणी वर्षात दोन-तीन घरं बदलतात, त्यामुळं एकाच घरावर सगळं अवलंबून राहत नाही. दारू, ड्रग्ज, गाडी चालवणं आणि डेटिंग, चारीला मनाई, मोडलं तर परतीचं तिकीट.

नियम असले म्हणजे कधीच काही होत नाही असं नाही. म्हणून जायच्या आधी पोरीला आणि पोराला पण, दोघांनाही हे शिकवा की काही खटकलं तर लगेच कोऑर्डिनेटरला सांगायचं, "त्यांना वाईट वाटेल" हा विचार करायचा नाही. घर बदलून मागायचा हक्क असतो. आपण मुलींना ॲडजस्ट कर म्हणून वाढवतो ना, ते इथं उलटं पडतं.

रोज व्हिडिओ कॉल करायचा ना?

करू नका. हे वाचून बऱ्याच आया माझ्यावर चिडणार, चिडा.

कारण सांगतो. पोरगं रोज रात्री तासभर तुमच्याशी बोलतं म्हणजे रोज रात्री तासभर ते तिकडच्या घरात नसतं, खोलीचं दार लावून कोल्हापुरात असतं. आज गणपतीला काय केलं, आत्या आली होती का, पुरणपोळी दाखव, आणि मग फोन ठेवून रडतं. तिकडची मंडळी खाली टीव्हीसमोर हसतायत आणि हे वर. असे महिने गेले की ते घर त्याला लॉजसारखं वाटायला लागतं आणि घरच्यांना पण तसंच वाटायला लागतं. आठवड्यातनं एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. मध्ये मेसेज चालतील. आजीला व्हॉइस नोट शिकवा.

आणि त्याचे निर्णय इथनं घेऊ नका. जॅकेट कुठलं घेऊ असा फोटो आला तर उत्तरच देऊ नका. चुकीचं घेऊ दे की.

रडतंय, परत आणू का?

पहिले काही आठवडे सगळं भारी वाटतं, मग साधारण दिवाळीच्या आसपास घसरण लागते. तिकडं चारला अंधार पडतो, नवेपणा संपलेला असतो, भाषा अजून आलेली नसते आणि इथले मित्र फराळाचे फोटो टाकत असतात. ही घसरण-चढण १९५५ मध्येच नॉर्वेच्या लिसगार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेला जाऊन आलेल्यांशी बोलून मांडली होती. सगळ्यांचा आलेख तसाच असतो असं पुढच्या संशोधकांनी मानलं नाही, आणि मलाही प्रत्येक पोराचं वेगळंच दिसतं. पण दिवाळीचा फोन बहुतेक घरांत येतोच.

माझ्या मते एक्सचेंजचं खरं काम याच महिन्यांत होतं, ज्यांचे फोटो इन्स्टावर कधीच येत नाहीत. कुणी बोलायला नाही, करायला काही नाही, रविवारी दुपारी नुसतं खिडकीतनं बाहेर बघत बसलंय पोरगं. आणि मग एक दिवस कंटाळून स्वतःहून खाली जातं आणि विचारतं, मी पण पत्ते खेळू का. तुम्ही त्याच्या आदल्या दिवशी तिकीट काढलंत तर तो रविवार त्याच्या वाट्याला येत नाही.

पण घराची आठवण येऊन रडणं आणि खरंच आजारी असणं यात फरक आहे. खात नाही, झोपत नाही, शाळेलाच जात नाही, जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलतंय, तर आठवडाभर वाट बघू नका, लगेच कोऑर्डिनेटरला फोन करा, डॉक्टर गाठायला लावा, इन्शुरन्स असतोच, आणि गरज वाटली तर परत आणा. त्यात कसली लाज?

खर्च किती?

आकडा सांगत नाही कारण देश आणि संस्था बदलली की लाखांनी फरक पडतो. रोटरीत तिकडचं राहणं-जेवण आणि शाळा यजमान बघतात, क्लब महिन्याला थोडा पॉकेटमनी देतो. विमान, इन्शुरन्स, व्हिसा, कपडे तुमचे. एएफएसला प्रोग्रामची फी असते, काही जणांना त्यात मदत मिळते. लेखी विचारा की फीमध्ये काय काय येतं आणि पोरगं मध्येच परत आलं तर किती पैसे परत मिळतात. हा दुसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात, लाजू नका.

कर्ज काढून मात्र पाठवू नका. पोराला ते माहीत असतं आणि मग ते वर्षभर "पैसे वसूल" करायच्या दडपणाखाली जगतं.

पासपोर्ट-व्हिसा?

पासपोर्टसाठी पुण्याला पळायची गरज नाही, कोल्हापुरात पोस्टातल्या केंद्रात होतं. १५ ते १८ वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तो मागा. आईबाप दोघांच्या संमतीचा फॉर्म लागतो, आणि नावं आधार, दाखला, मार्कलिस्ट सगळीकडं एकसारखी आहेत का ते आजच बघा, वडलांचं नाव मध्ये की शेवटी या एका गोंधळात महिने जातात. अमेरिकेचा व्हिसा मुंबईला बीकेसीत, रात्रीची महालक्ष्मी पकडून सकाळी पोचता येतं पण गाडी लेट झाली तर बोंब, आदल्या दिवशीच जा. २०२५ पासून तिकडं विद्यार्थी आणि एक्सचेंज व्हिसाला सोशल मीडियाची अकाउंट पब्लिक करायला सांगतात, तेव्हा पोराचं इन्स्टा एकदा बघून ठेवा.

देश कुठला निवडायचा?

सगळ्यांना अमेरिका पाहिजे असते. मी म्हणतो जिथली भाषा येत नाही तिथं जा. इटली काय वाईट आहे? फ्लोरेन्सशी तर आपलं जुनं नातं आहे, आपले छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना १८७० मध्ये तिथंच वारले, वय अवघं वीस, अर्नो नदीकाठी अंत्यसंस्कार झाले आणि तिथल्या बागेत त्यांची छत्री आजही आहे. राजाराम कॉलेज ज्यांच्या नावाचं तेच हे. त्या भागात कुणाचं पोरगं गेलं तर जाऊन नमस्कार करून यावं.

परत आल्यावर पोरगं बदललेलं असतं का?

असतं, आणि सगळ्यात जास्त त्रास तेव्हाच होतो, आईबापांना. पाणी दिलं की थँक्यू म्हणतं, आईला वाटतं परक्यासारखं वागतंय. पाहुण्यांसमोर वाद घालतं. "तू कुणाचं ऐकतच नाहीस आता" असं ऐकून घेतं. आणि त्याला वाटतं मला इतकं सांगायचंय आणि तिसऱ्या दिवसानंतर कुणी विचारत पण नाही, सगळ्यांचं आपलं "किती जाड झालास" नाहीतर "किती वाळलास". जुने मित्र बारावीच्या गडबडीत असतात, हा मागच्या वर्गात. दोन-तीन महिने जातात सुरळीत व्हायला. त्या काळात त्याला लगेच क्लासला जुंपू नका, आणि घरातली जी कामं ते तिकडं करत होतं ती इथं बंद करू नका. आजी ताट उचलायला धावते, तिला थांबवा.

पाठवणं शक्य नाही, दुसरं काही?

परदेशी पोरगं आपल्या घरी ठेवा. काही ठिकाणी तर पाठवणाऱ्या घरानं ठेवायचं अशी अपेक्षाच असते. परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांत ऑनलाईन माहिती द्यावी लागते, ते काम संस्था समजावून देते. वेगळी खोली नसली तरी चालतं, वेगळा पलंग पाहिजे. तिखट कमी करावं लागेल थोडं. पण तुमच्या धाकट्याला न जाता निम्मं शिक्षण घरबसल्या मिळतं, एक सोळा वर्षांची पोरगी सकाळी उठून स्वतःचं अंथरूण स्वतः आवरते हे बघून आमच्या ओळखीच्या एका घरात दोन भावांची भांडणं कमी झाली, उगाच सांगत नाही.

कुणी जाऊच नये?

ज्याला स्वतःला जायचं नाही, नुसते आईबाप पाठवतायत, त्यानं. "आमचा बिघडलाय, तिकडं सुधारेल" म्हणून फोन येतात, त्यांना मी नाहीच सांगतो. नुकतंच घरात कुणी गेलंय, आईबापांचं बिनसलंय, अशा वेळी पण थांबावं. आणि फॉर्ममधला निबंध बापानं लिहिला असेल तर ते इंटरव्ह्यूत पाच मिनिटांत कळतं.

सुरुवात कधी करायची?

नववीच्या शेवटाला चौकशी, दहावीच्या दिवाळीआधी फॉर्म. अमेरिका-युरोपातल्या शाळा साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला उघडतात, जपानच्या एप्रिलला. दहावीचा निकाल लागल्यावर जूनमध्ये फोन करणाऱ्यांना मी पुढच्या वर्षीचं सांगतो, आणि ते दरवर्षी जूनमध्येच करतात.